महागडा माइक घेण्याआधी: छोट्या व्यवसायाच्या पॉडकास्टचा आवाज आणि मांडणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन भागीदार छोट्या व्यावसायिकांसाठी पॉडकास्ट करतात. विषय उधारी, वसुली, माणसं नेमणं, भाव ठरवणं असे. ऑफिसातल्या बैठकीच्या खोलीत काचेच्या टेबलावर मधोमध एक यूएसबी कंडेन्सर (जास्त संवेदनशील प्रकारचा) माइक ठेवून रेकॉर्डिंग होतं, पाहुणे ऑनलाइन येतात. आवाज लांबून आल्यासारखा पोकळ वाटतो, पाहुण्याचा आवाज कधी बारीक तर कधी एकदम मोठा, आणि बरेच श्रोते पहिल्या दोन-तीन मिनिटांतच निघून जातात. तर आता शुअरचा एसएम७बी घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. माइक उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला साधारण ६० डेसिबल गेन द्यावा लागतो, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल तेवढा वाढवावा लागतो, आणि तेवढ्यात साधा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) धापा टाकतो, मागे सूं-सूं सुरू होते. मग चांगला इंटरफेस आला, नाहीतर मध्ये बूस्टर आला, स्टँड आला. एवढं करून तो माइक त्याच काचेच्या टेबलावर दोन फुटांवर ठेवलात, तर पोकळपणा होता तिथेच राहील. तुमची अडचण माइकची नाही, अंतराची आणि खोलीची आहे. आणि श्रोते जातात त्याचं कारण तर बऱ्याच अंशी आवाजाच्याही बाहेर आहे. त्याकडे नंतर येतो.

माइकपर्यंत दोन आवाज पोचतात: तोंडातून थेट निघालेला आणि भिंती, काच, छत यांवर आपटून आलेला. खोलीभर पसरलेला हा दुसरा आवाज माइक कुठेही ठेवला तरी जवळपास तेवढाच असतो. थेट आवाज मात्र अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबलने पडतो. म्हणून ६० सेंटिमीटरवरचा माइक १५ सेंटिमीटरवर आणला तर थेट आवाज १२ डेसिबलने वर येतो आणि खोली आपोआप मागे पडते. फुकटात मिळणारी एवढी मोठी सुधारणा रेकॉर्डिंगच्या धंद्यात दुसरी नाही. काचेचं टेबल आणखी एक खोडी करतं. तुमचा आवाज टेबलावरून उसळून काही मिलिसेकंदांनी माइकमध्ये पुन्हा शिरतो, दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात आणि काही स्वर खाल्ले जातात. डब्यात बोलल्यासारखं वाटतं ते यामुळे. टेबलावर जाड घोंगडी घडी करून टाका, फरक लगेच कळेल.

तेव्हा पहिला नियम: प्रत्येक माणसाला स्वतःचा माइक, तोंडापासून एका मुठीवर, फार तर वीतभर अंतरावर. त्यासाठी साधे डायनॅमिक (कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील) माइक पुरतात. सॅमसन क्यू२यू सारख्या माइकला यूएसबी आणि एक्सएलआर (इंटरफेसला जोडायची तीन पिनांची जोडणी) अशी दोन्ही तोंडं असतात, म्हणजे पुढे सामान वाढलं तरी माइक फुकट जात नाही. मात्र दोन यूएसबी माइक एकाच कॉम्प्युटरला लावून मजेत रेकॉर्ड करू, या भ्रमात राहू नका. ऑडॅसिटीसारखी सॉफ्टवेअरं साधारणपणे एका वेळी एकच इनपुट यंत्र घेतात, आणि त्यावरचे उपाय नवख्या माणसाचा दिवस खातात. दोन चॅनेलचा छोटा इंटरफेस घ्या, दोन्ही माइक एक्सएलआरने जोडा आणि दोघांचे ट्रॅक वेगळे ठेवा. पुढचं सगळं एडिटिंग त्या वेगळेपणावर उभं असतं.

हे माइक बहुतेक कार्डिऑइड असतात: पुढून ऐकतात, मागून जवळजवळ बहिरे. त्याचा फायदा घ्या. दोघे समोरासमोर बसा म्हणजे एकाच्या माइकची पाठ दुसऱ्याकडे होईल. दोन माइकमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या निदान तिप्पट असू द्या, नाहीतर एकाचा आवाज दोन्हीकडे शिरून पुन्हा तोच डब्याचा परिणाम येईल.

नवं काही घेईपर्यंत जुन्याच कंडेन्सरवर चालवायचं असेल तर आधी त्याची बाजू तपासा. ब्लू यती घराण्यातले माइक समोरून, म्हणजे अंगाच्या बाजूने ऐकतात. कित्येक जण त्याच्या टोकात बोलत असतात. त्याच्या मागे पॅटर्नचं, म्हणजे कुठल्या बाजूंनी ऐकायचं ते ठरवणारं बटण असतं. दोघे समोरासमोर असाल तर दुतर्फा पॅटर्न निवडा. सगळीकडून ऐकणारा पॅटर्न या खोलीत अजिबात नको, तो तुमच्यापेक्षा भिंतीच जास्त ऐकेल.

जवळ आलात की दोन नव्या तक्रारी येतील. एक म्हणजे हवेचा फटका. प, ब म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो, फ, भ म्हणताना आणखी जोरात, आणि मराठी बोलताना त्यांच्यापासून सुटका नाही. पॉप फिल्टर लावाच, पण त्याहून उपयोगी म्हणजे माइक तोंडासमोर नाकाच्या रेषेत न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडून तिरका ठेवणं. आवाज माइकमध्ये जातो, झोत शेजारून निघून जातो. दुसरी तक्रार म्हणजे जवळून बोलताना खर्ज वाढतो. कार्डिऑइड माइकचा तो स्वभावच आहे. थोडा वाढलेला खर्ज आवाजाला वजन देतो, जास्त झाला की घूं-घूं होतं. मग दोन बोटं मागे सरका.

खोलीबद्दल बरंच चुकीचं ऐकायला मिळतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून काहीही होत नाही. पातळ फोमच्या चौकोनी लाद्या फक्त वरचे स्वर शोषतात, खालचे तसेच राहतात. त्यामुळे खोली शांत होण्याऐवजी घुसमटलेली वाटते. शोषण हवं असेल तर जाडी हवी: गादी, जाड पडदे, भरलेलं पुस्तकांचं कपाट, टांगलेल्या कपड्यांची रांग. ते कुठे ठेवायचं? माइकचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजे त्याला तुमच्या मागची भिंत सर्वांत जास्त ‘दिसते’. पहिलं मऊ सामान तिथे. दुसरं तुमच्या समोर, जिथे तुमचा आवाज आधी आपटतो. टाळी वाजवून पाहा. टाळीनंतर झणझण शेपूट ऐकू आलं तर खोली अजून उघडी आहे. बाहेरची रहदारी अडवणं हे वेगळं काम आहे, त्याला जड भिंती आणि बंद फटी लागतात, पडद्यांनी ते होत नाही. तिथे भिंतींशी लढण्यापेक्षा रेकॉर्डिंगची वेळ बदला. पंखा, एसी बंद. लॅपटॉपच्या चार्जरमुळे गुणगुण येत असेल तर तेवढा वेळ बॅटरीवर चालवा.

गेन लावताना लोक उगाच घाबरतात. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवा. थोडा बारीक आला तर नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. चाचणी घेताना ‘एक, दोन, तीन’ म्हणू नका, खरंखुरं मोठ्याने हसा. रेकॉर्डिंगमध्ये नेमकं तिथेच फाटतं. आणि सुरू करण्याआधी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. गोंगाट कमी करणाऱ्या साधनाला नमुना म्हणून तो लागतो, आणि कापलेल्या जागी ठिगळ लावायलाही. निव्वळ शांततेचं ठिगळ लावलं तर कानाला खड्डा जाणवतो.

आता पाहुणे. कॉलवर येणारा आवाज कॉल चालू राहावा म्हणून दाबलेला असतो. इंटरनेट डळमळलं की तुकडे गळतात, आणि कॉलचं सॉफ्टवेअर गोंगाट समजून शब्दांची शेपटंही छाटतं. हा आवाज नंतर सुधारण्यापेक्षा तो वापरूच नये. उपाय असा की प्रत्येकाचा आवाज त्याच्याच यंत्रावर रेकॉर्ड व्हावा. रिव्हरसाइड, झेनकास्टर यांसारख्या सेवा हेच करतात. झूमवर राहायचं असेल तर प्रत्येकाची वेगळी ऑडिओ फाइल आणि ‘ओरिजिनल साउंड’ हे पर्याय चालू करा. आवाज कॉलचाच राहतो, पण निदान वेगळा मिळतो. याहून साधी युक्ती म्हणजे पाहुण्याने आपल्या फोनचं व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून फोन हनुवटीच्या जरा खाली, वीतभर अंतरावर ठेवायचा आणि नंतर ती फाइल पाठवायची. जवळ ठेवलेला फोन लांबच्या महागड्या माइकला सहज हरवतो. सुरुवातीला दोघांनी एक टाळी वाजवा, ट्रॅक जुळवायला सोपं जातं. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एका गतीने चालत नाहीत, त्यामुळे तासाभराच्या गप्पांत शेवटी शेवटी ट्रॅक किंचित सरकतात. शेवटीही एक टाळी ठेवा.

पाहुण्याच्या कानात काहीतरी हवंच, नाहीतर स्पीकरमधून तुमचा आवाज त्याच्या माइकमध्ये परत येईल. पण ब्लूटूथ नको. बहुतेक ब्लूटूथ हेडसेट माइक चालू झाला की फोनकॉलच्या दर्जावर उतरतात, कारण एकाच वेळी चांगलं ऐकवणं आणि चांगलं टिपणं त्यांच्या जोडणीला झेपत नाही. तारेचे साधे इअरफोन त्याहून बरे. आदल्या दिवशी पाहुण्याला एवढंच पाठवा: ‘पडदे, गाद्या असलेल्या खोलीत बसा. पंखा बंद ठेवा. तारेचे इअरफोन लावा. फोनचं व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून जवळ ठेवा. दहा मिनिटं आधी या, आवाज तपासू.’ यापेक्षा लांब सूचना कोणी वाचत नाही.

एडिटिंगचा क्रम मी असा ठेवतो: आधी गोंगाट कमी करणं, मग ८० हर्ट्‌झच्या खालचं कापणं, मग स्वरांची थोडी दुरुस्ती, मग कॉम्प्रेसर (मोठा आणि बारीक आवाज यांतला फरक कमी करणारा), स-श टोचत असतील तर ते मऊ करणारा डी-एसर, शेवटी आवाज ठरावीक मर्यादेवर अडवणारा लिमिटर. गोंगाट पुसताना हात आखडता घ्या. जास्त पुसलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. आवाज जाडसर, मातट वाटत असेल तर २०० ते ४०० हर्ट्‌झमध्ये थोडं कमी करा. शब्द स्पष्ट हवे असतील तर ३ ते ५ हजार हर्ट्‌झमध्ये जरासं वाढवा. कॉम्प्रेसर ३:१ च्या आसपास. हे आकडे सुरुवातीला धरून चालायचे आहेत, पुढचं कानाने ठरवा. एका क्लिकवर आवाज ‘स्टुडिओसारखा’ करणारी एआय साधनं मी वापरतो, पण पूर्ण जोरावर नाही. पूर्ण जोर लावला की माणूस यंत्रासारखा बोलायला लागतो, आणि अस्पष्ट जागी तर अक्षरंच बदलल्यासारखी ऐकू येतात. मूळ ट्रॅक खाली थोडा मिसळून ठेवा.

पाहुण्याचा आवाज खाली-वर होण्याचं तुमचं दुखणं दोन पायऱ्यांत सुटतं. आधी दोघांचे आणि पाहुण्याचा असे तिन्ही ट्रॅक वेगवेगळे एका पातळीवर आणा, मग एकत्र केलेला एपिसोड उणे १६ एलयूएफएसवर बसवा. अ‍ॅपल पॉडकास्ट्स हीच पातळी सुचवतं, एका डेसिबलची सूट देऊन, आणि खरं शिखर (ट्रू पीक), म्हणजे आवाजाची सर्वांत उंच उडी, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये असं सांगतं. एलयूएफएस हे माप कानाला किती मोठं वाटतं ते मोजतं, मीटरवरच्या उड्या नव्हे. म्हणून ‘शिखर शून्यावर आणलं तरी बारीकच का वाटतं’ या कोड्याचं उत्तर तिथे मिळतं. हे सगळं हाताने करायचा कंटाळा असेल तर ऑफोनिक ही सेवा पातळ्या चांगल्या सांभाळते.

तुमच्या वर्णनात नाही, पण तपासून घ्या: एक आवाज डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात जात नाही ना? दोन चॅनेलचा इंटरफेस आला की हा प्रकार हमखास घडतो. एकच इअरफोन घालून ऐकणाऱ्याला मग फक्त प्रश्न ऐकू येतात. दोन्ही ट्रॅक मधोमध आणा आणि फाइल मोनोच, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज जाईल अशी काढा. बोलण्यासाठी ६४ ते ९६ केबीपीएसचा मोनो एमपी३ पुरेसा आहे.

आता श्रोते का जातात. चाळीस सेकंदांचं संगीत, मग ‘नमस्कार, आपलं पुन्हा एकदा मनापासून स्वागत’, मग तुम्हा दोघांची थट्टामस्करी, मग ‘आजचा विषय अतिशय महत्त्वाचा आहे’, मग पाहुण्याच्या पदव्या. अशी सुरुवात असेल तर दुसऱ्या मिनिटापर्यंत श्रोत्याच्या हाती काहीच लागलेलं नसतं. त्याने तुमचा एपिसोड एखादी अडचण घेऊन उघडलाय. तीच आधी बोला. उदाहरणार्थ:

‘गिऱ्हाईक माल घेऊन गेलं, तीन महिने झाले, पैसे नाहीत. फोन केला तर संबंध बिघडतील, नाही केला तर पगार द्यायला अडचण. पहिला फोन कधी करायचा आणि काय बोलायचं, ते आज वसुलीचं काम रोज करणाऱ्या माणसाकडून ऐकू.’

हे वीस सेकंदांत होतं. त्यानंतर पाच-सात सेकंद संगीत, दोन वाक्यांत पाहुणा, आणि ती दोन वाक्यंही याच प्रश्नावर त्याचं का ऐकावं एवढंच सांगणारी. बाकीची कारकीर्द एपिसोडच्या वर्णनात लिहा. मधल्या गप्पांतला चटकदार तुकडा सुरुवातीला लावण्याची पद्धत आहे. तो तुकडा मागचंपुढचं माहीत नसतानाही समजत असेल तरच लावा, नाहीतर ते कोडं होतं.

सुरुवात आणि शेवट शब्दशः लिहून काढा, मधलं मुद्द्यांवर बोला. सगळं लिहून वाचलंत तर कान ते लगेच ओळखतो, कारण आपण लिहिताना वाक्य लांबवतो आणि बोलताना तोडतो. ‘श्रोतेहो’ सोडा. ऐकणारा बहुधा एकटाच असतो, त्याच्याशी ‘तुम्ही’ म्हणून बोला.

व्यवसायाच्या विषयात आकडे येणारच, आणि आकडा कानाने धरणं अवघड. कागदावर तक्ता दिसतो, इथे नाही. एका वेळी एकच आकडा द्या, गोल करा आणि त्याचा अर्थ लगेच सांगा: ‘वर्षाची विक्री बारा लाख, लोकांकडून येणं तीन लाख. म्हणजे तुमची तीन महिन्यांची विक्री दुसऱ्यांच्या खिशात आहे.’ एवढं पुरे. टक्केवारी, मागच्या वर्षीची तुलना, सरासरी हे सगळं एका दमात सांगितलंत तर ऐकणारा पहिल्याच आकड्यावर अडकून राहतो.

दोघे सूत्रधार असलात की कामं वाटून घ्या. एकाने गाडी पुढे न्यायची, दुसऱ्याने श्रोत्याच्या शंका विचारायच्या. आता तुम्ही दोघेही ‘अगदी बरोबर’, ‘हो ना’ म्हणत असणार. समोरासमोर ते सौजन्य असतं, रेकॉर्डिंगमध्ये ते पाहुण्याच्या वाक्यावर पडतं. मान डोलवा, आवाज काढू नका. प्रश्न एका वेळी एकच. ‘तुमचा वसुलीचा अनुभव कसा आहे?’ याला गुळमुळीत उत्तर मिळतं, ‘शेवटचं पेमेंट अडकलं तेव्हा पहिला फोन कोणी केला?’ याला गोष्ट मिळते. आणि उत्तर संपल्यावर दोन सेकंद थांबा. पाहुण्याला वाटतं अजून काही बोलायला हवं, आणि तेव्हा तो जे बोलतो ते बहुतेकदा तयारी करून आणलेल्या उत्तरापेक्षा चांगलं असतं. ती शांतता नंतर कापता येते.

कापण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. लोक ‘म्हणजे’, ‘अं’, ‘तर’ वेचत तासन्‌तास बसतात आणि कंटाळवाणा प्रश्न पूर्णच्या पूर्ण ठेवतात. उलट करा. पन्नास मिनिटांच्या गप्पांतले दोन-तीन प्रश्न उत्तरांसकट काढून टाका. चुकून पुन्हा सुरू केलेली वाक्यं काढा. ‘म्हणजे’ थोडे राहू द्या. श्वास तर अजिबात कापू नका, बिनश्वासाचं बोलणं ऐकताना ऐकणाऱ्यालाच धाप लागते.

स्वतःच्या धंद्याची जाहिरात एकदाच, एका जागी, एकाच विनंतीसह. पाहुण्याच्या उत्तरातून ‘आमच्याकडेही अशी सेवा आहे’ असा धागा ओढलात की पुढचा पाहुणा सावध होतो. संगीत परवान्याचं घ्या. ‘दहा सेकंद गाणं वापरलं तर चालतं’ ही ऐकीव गोष्ट आहे, त्यावर विसंबू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सचं घेणार असाल तर ‘एनसी’ लिहिलेलं टाळा. ते व्यावसायिक वापरासाठी नसतं, आणि तुमचा पॉडकास्ट व्यवसायासाठीच आहे.

मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल काढा, अ‍ॅपलची वरची मर्यादा तेवढीच आहे. पण ते तपासा फोनवर, अंगठ्याच्या नखाएवढं करून. नाव वाचता आलं नाही तर चित्र फसलं. एपिसोडचं नाव ‘भाग १७: अमुक यांच्याशी गप्पा’ असं नको. श्रोत्याच्या तोंडचा प्रश्नच नाव म्हणून द्या, पाहुण्याचं नाव मागे.

बदल केल्यावर अ‍ॅपल आणि स्पॉटिफाय दोन्हीकडे श्रोते कुठल्या मिनिटाला गळतात त्याचा आलेख पाहा. सुरुवातीची थोडी गळती सगळ्यांनाच असते, ती मनाला लावून घेऊ नका. मध्येच एखाद्या जागी तुटलेला कडा दिसला तर ती जागा ऐका. तिथे बहुधा जाहिरात असते, नाहीतर तुमच्या दोघांतली खासगी थट्टा.

जुने सगळे भाग पुन्हा करत बसू नका. सर्वांत जास्त ऐकले जाणारे दोन-तीन निवडा, त्यांची सुरुवात छाटा, पातळी उणे १६ वर आणा आणि होस्टिंगवर (जिथे तुमच्या फाइल ठेवलेल्या असतात त्या सेवेवर) त्याच एपिसोडची फाइल बदला. नवा एपिसोड म्हणून चढवू नका, नाहीतर जुन्या श्रोत्यांच्या यादीत तोच भाग दोनदा दिसेल.